सिरसाळ्याच्या स्टँडवरची बॅटरीची गाडी

पाशिंजरची वाट बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. वाट बघणाऱ्या माणसाकडं पैसा साठत नाही, किस्से साठतात! मी शिकलेला फारसा नाही, बोलतोही हळू. मी सुरुवात करेपर्यंत दुसरा कोणी तोच किस्सा सांगून मोकळा होतो. म्हणून हे लिहून ठेवतोय. यातलं गाड्यांचं जे आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही नीट कळलेलं नाही.

मी सिरसाळा ते परळी काळी-पिवळी जीप चालवायचो. बाजार खुला झाला म्हणायचे ते दिवस. रोज नव्या गाडीचं नाव ऐकू यायचं आणि कोणती गाडी मजबूत यावर स्टँडवर भांडणं व्हायची. रहीमभाई मिस्त्री एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला.

आमचा सोपान जीपमध्ये पाशिंजर भरायचा. दिवसभर "परळीऽ परळीऽ" ओरडायचा. लहानपणी पोलिओनं त्याचा डावा पाय गेला होता. क्लच दाबायला डावा पाय लागतो, म्हणून हजारदा गाड्या भरल्या तरी स्टेअरिंग कधी त्याच्या हाती आलं नाही.

*

कापड दुकानवाले विश्वनाथअप्पा. त्यांच्या मुलानं बंगळूरहून एक जुनी बॅटरीची गाडी पाठवली. दोन दारांची, पेटीएवढी. आली ती ट्रकमध्ये बसून!

सोपान म्हणाला, "आपण गाडीत बसतो, ही गाडीच गाडीत बसून आली की बे!"

रहीमभाईंनी पुढचं झाकण उघडलं. आत इंजिन नाही. मागचं उघडलं. तिथंही ओळखीचं काही दिसेना. मग ते खाली झोपून बघू लागले. बाहेर आले तेव्हा तोंड उतरलेलं.

"अप्पा, फसवलं तुमाला. इंजिन काढून घेतलं कुनी तरी!"

अप्पांनी किल्ली फिरवली, गाडी गुपचूप पुढं सरकली. रहीमभाई दोन पावलं मागं सरले.

सोपान मात्र खिडकीतून खाली बघत होता.

"अप्पा, क्लच कुठाय?"

"ह्या गाडीला क्लच न्हाई, गिअर न्हाई. दोनच पायडल. ते बी उजव्या पायानं."

 सोपान नुसता दाराला हात लावून उभा राहिला. अप्पा समजदार माणूस.

"गाडी टिकाऊ निघाली तर तूच चालव," ते म्हणाले. "न्हाई निघाली तर पोराला परत."

त्या दिवसापासून गाडीला कोणी नावं ठेवली की सोपानचा चेहरा पडायचा.

*

पहिली परीक्षा पूजेतच झाली. आमच्याकडं नवी गाडी आली की पुढच्या लोखंडी बंपरवर नारळ फोडतात. अप्पांनी हार घातला, हळदीकुंकू लावलं आणि सवयीप्रमाणं नारळ जोरात हाणला.

नारळ तसाच राहिला. बंपरला मोठी चीर गेली!

"प्लास्टिकच हाय की हो!" रहीमभाई म्हणाले.

सोपाननं पटकन नारळ उचलला. "अप्पा, गाडीत काय खोट न्हाई. नारळच लई कडक निघाला!"

*

चार्जिंगचा मोठा घोळ. लोडशेडिंगमुळं लाइट कधी येईल सांगता यायचं नाही. ज्या वेळी गिरणीची लाइन सुरू असे, त्या वेळी गाडी गिरणीत लावायची असं ठरलं.

सोपाननं गाडी ढकलत नेली आणि डब्यांच्या ओळीत उभी केली. ज्वारीचा डबा घेऊन आलेली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कावून रं, ही मधी कावून घातलीस?"

"मावशी, हिचा नंबर हाय."

"दळायचीय का ही? बारीक दळून घे, मजी डब्यात मावंल!"

*

एकदा अप्पांनी पेपर वाचून दाखवला. जपानात म्हणे पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी गाडी निघालीय. झालं! बॅटरीची मजबूत की दोन्हीची मजबूत?

रहीमभाई म्हणाले, "दोन्ही असलं मजी बिघडाया बी दोन्ही!"

टपरीवाला म्हणाला, "आन् एक बिघडलं तर दुसरं हाय की!"

मला दोघांचंही पटलं. मग मी चहा घेतला.

सोपान म्हणाला, "जपानला कावून जाता? दादाची जीप तशीच हाय. अर्ध्या वाटंला डिझेलवर, अर्ध्या वाटंला पाशिंजरवर!"

आता माझ्या जीपला धक्का लागायचा हे खरं. पण अर्धी वाट नाही हो!

*

परळीच्या एका व्यापाऱ्याची गाडी गॅसवरही चालायची, पेट्रोलवरही. एक दिवस तो स्टँडवर तिची मजबुती सांगत बसला होता. एवढ्यात रिक्षातून त्याची बायको उतरली.

"घरी पावणे बसलेत, शेगडी बंद हाय. टाकी काढा!"

त्यानं मुकाट्यानं डिकीतून सिलिंडर काढून दिला. ती गेल्यावर रहीमभाई म्हणाले, "गाडीचं सांगता येत न्हाई, पर मालकीण लई मजबूत हाय!"

*

शेवटी अप्पा कंटाळले. म्हणाले, "सोपान, परळीला जा आन् परत ये. गाडी आपल्या पायानं स्टँडवर आली तर ठिवतो. न्हाई तर पोराला फोन लावतो."

सोपान सकाळी अंगावर इस्त्रीचा सदरा घालून निघाला. दुपार कलली तरी पत्ता नाही. अप्पा टपरीवर रस्त्याकडं डोळे लावून बसलेले. मी रहीमभाईंना घेऊन जीप काढली.

गाडी परळीच्या वाटंला, लिंबाखाली उभी. सोपान आत, दोन्ही हात स्टेअरिंगवर.

"येताना रस्त्यावर मानसं उभी दिसली दादा. हाक मारल्याबिगर ऱ्हाववलं न्हाई. पाच जन घेतले. पाशिंजर यष्टीनं गेले, गाडी इथंच ऱ्हायली."

रहीमभाईंनी दोरी बांधली. "पुढं डिझेल, मागं बॅटरी. ही घ्या जपानची गाडी!"

"उतर, जीपमधी बस," मी म्हणालो.

"न्हाई. स्टेअरिंग मीच धरनार."

निघालो. थोड्या वेळानं मागून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. रहीमभाई मागं वळून बघू लागले.

"बॅटरी मेली हाय. मग हॉर्न कशावर वाजतोय?"

मला काय माहीत! पण हॉर्न कशासाठी वाजतोय ते कळलं. सोपान साइड मागत होता.

स्टँडच्या अलीकडं मोठा उतार आहे. वर आल्यावर मी जीप थांबवली. रहीमभाईंनी उतरून दोरी सोडली. मी हात बाहेर काढून साइड दिली. ती गाडी चालू असतानाही आवाज करत नव्हती, आताही केला नाही. हॉर्न वाजवत, आमच्या शेजारून, सरळ उतारानं टपरीपुढं जाऊन उभी राहिली.

आम्ही मागून पोहोचलो तेव्हा अप्पा बंपरच्या चिरेवरून हात फिरवत होते. रहीमभाईंनी दोरी सीटखाली सारली.

अप्पांनी आमच्याकडं बघितलं.

"आन् तुमी कावून मागं ऱ्हायलात बे? डिझेल असून!"