दादाच्या डिकीतली गोणी

नंदावहिनीचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या घरी गॅसपाशी उभी होते, दूध वर येत होतं. "ताई, तुमचे दादा गेले," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "गाडीत?" असा. रडणं नाही, अगं बाई नाही… "गाडीत?" ती म्हणाली, "न्हाई वो. घरात. दुपारचं जेवून पडले व्हते, मी चहाला उठवाया गेले तर…" आणि मी, सांगायला मला लाज वाटत नाही, आधी मोठा श्वास सोडला. हुश्श झालं मला. मग गॅस बंद केला, खाली फरशीवर बसले आणि मग रडले. भाऊ गेल्याचं दुःख कोणाला नसतं? पण इतकी वर्षं मी ज्या फोनची धास्ती घेऊन जगत होते, तो हा फोन नव्हता. तो फोन रस्त्यावरून कुणीतरी परक्या माणसानं केलेला असणार होता आणि त्यात दोन नावं असणार होती. कारण दादा गाडी काढायचा तेव्हा नंदावहिनी शेजारच्या सीटवर असायचीच.

सुरेशदादा माझा थोरला भाऊ. राहायला शिरूरला, नोकरी कारेगावच्या बाजूला एका कारखान्यात. रिटायर झाला तेव्हा जो तो सल्ला द्यायला हजर. वर एक मजला चढव, पोराला दुकान टाकून दे, बुद्धगयेला जाऊन ये. दादानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पुण्यातल्या एका परदेशी निघालेल्या पोराची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आला. लाल, दोन दारांची, पोट जमिनीला टेकवून बसणारी. विहारापुढं ती उभी केली तेव्हा सगळी वस्ती लोटली. आमच्या म्हाताऱ्या चुलत्यांनी, आप्पांनी, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "सुरेश, हिच्यात बसायचं का निजायचं?" दादानं दार उघडून त्यांना बसवलं. त्यांना परत बाहेर काढायला दोघं लागले. मी म्हटलं, "दादा, या वयात हे काय सुचलं तुला?" तर म्हणाला, "सगळा जन्म कंपनीच्या बसमदी मागच्या सीटवर गेला, कुसे. आता पुढं बसणार." मी दार उघडून आत डोकावले, आणि मी अशी सहज हार मानणारी बाई नाही. रेल्वेत तिकिटाच्या खिडकीवर उभी हयात गेलीय माझी.

गाडीचं वेड लागल्यावर दादा त्यातलं सगळं शिकला आणि ज्याला त्याला शिकवत सुटला. त्याची एक सवय होती. कुणाचीही गाडी दिसली की तो तिच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून सगळा भार टाकायचा आणि हात पटकन काढून घ्यायचा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप धड. डुलत राहिली तर गेले समजायचं. शॉक अॅबसॉर्बर म्हणायला त्याला येत नव्हतं असं नाही, पण आमच्याकडं सगळे शॉकअपच म्हणतात. पाहुण्यांचा चहा निवून जायचा आणि हा बाहेर त्यांच्या गाडीखाली वाकून शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलंय का बघत बसायचा, टायरवर हात फिरवून मध्येच खळगे पडलेत का चाचपायचा. ब्रेक मारल्यावर गाडी नाक खाली घालते का, हे तर तो जावयालासुद्धा विचारायचा. "आन् ह्या सगळ्याच्या वर एक खूण हाय," असं म्हणून तो बोट वर करायचा. "रोज चालवणाऱ्याला कळत न्हाई बघ. ते थोडं थोडं जातं, आन् माणूस बी तेवढा तेवढा सवयीचा व्हतो. जो लई दिवसांनी गाडीत बसतो ना, त्याला इचारावं."

आता हा एवढा शहाणा माणूस, त्यानं स्वतःच्या गाडीचं काय करून ठेवलं होतं ऐका. आमच्याकडं जो उठतो तो आपल्या दारापुढं स्पीडब्रेकर घालतो. त्या प्रत्येकावर गाडीचं पोट घासायचं. म्हणून दादानं स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबराचे जाड तुकडे बसवून घेतले. गाडी वर उचलली गेली, पण उडायला लागली. मग कुणीतरी सुचवलं की मागं वजन टाक, गाडी बसंल. झालं! कवठे येमाईच्या मेव्हण्याच्या शेतातली कांद्याची भरलेली गोणी डिकीत आली ती कायमची. कांदा संपला की दुसरी गोणी. स्पोर्ट्स कारच्या डिकीत कांदे घेऊन फिरणारा अख्ख्या तालुक्यात हा एकटाच असेल! आम्ही हसायचो, तोही हसायचा. पण त्या रबरापायी आणि गोणीपायी खालचे शॉकअप कधी संपले, हे त्याला कळलंच नाही.

मला कळलं, कारण मी लेकीच्या बाळंतपणासाठी बरेच महिने नागपूरला होते. परत आल्यावर शिरूरला दोन दिवस राहिले आणि दादा म्हणाला, चल, दौंडला सोडतो. पुढं ती दोघं, मागच्या नावापुरत्या सीटवर पाय दुमडून मी आणि माझ्या पाठीशी गोणी. न्हावऱ्यापर्यंतच मी पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. एखादा खड्डा आला की गाडी त्यातून बाहेर पडायची, पण तिचं खालीवर होणं थांबायचं नाही. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा. त्यानं वेग कमी केला, दादानं ब्रेक मारला, तशी गाडी नाकावर पडली आणि माझं कपाळ वहिनीच्या सीटवर आपटलं. भीमेच्या पुलाअलीकडच्या वळणावर तर मागची बाजू सरळ बाहेर निघाली. समोरून एसटी येत होती… दादानं कसंबसं सावरलं. सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली सांगू? ती दोघं पुढं गप्पा मारत होती. त्यांना काहीच झालं नव्हतं.

"थांबव," मी म्हणाले. पुढं एक चहाची टपरी होती, तिथं त्यानं गाडी घेतली.

"दादा, गाडी डुलतीय तुझी."

"तुला रेल्वेची सवय. ती काय कमी डुलती व्हय?"

"रेल्वे रुळावर डुलते! वहिनी, तुला नाही जाणवलं?"

"ही अशीच हाय की ताई पहिल्यापासनं," वहिनी म्हणाली. बिचारी रोज बसत होती ना.

मी दादाला डिकी उघडायला लावली. "गोणी काढ." तो कुरकुरला, पण काढली. मग त्याच्यासारखाच मी मागच्या कोपऱ्यावर तळहात ठेवला, सगळा भार टाकला आणि हात काढला. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली… पाळण्यासारखी चालूच राहिली. टपरीवाला गाळणी हातात धरून बघत होता. मी विचारलं, "आता सांग, लई दिवसांनी कोण बसलंय हिच्यात?"

"तू."

"मग विचार की मला."

दादानं स्वतः एकदा कोपरा दाबून बघितला. मग डॉक्टरला विचारावं तसं हळू आवाजात त्यानं विचारलं, "गेलेत का गं शॉकअप?"

"गेलेत, दादा."

त्यानं तिथूनच गाडी वळवली आणि एकटाच बैलगाडीच्या चालीनं शिरूरला गेला. वहिनीला मी त्या गाडीत परत बसू दिलं नाही. आम्ही दोघी एसटीनं दौंडला आलो, आणि गोणीही आमच्याबरोबर आली, तिचं भाडं कंडक्टरनं भांडून घेतलं.

कारेगावच्या मिस्त्रीकडं दादानं आधी नुसते मागचेच बदलायचा हट्ट धरला. मिस्त्री उत्तर प्रदेशातला. तो म्हणाला, "आगे के भी गये हैं चाचा, चारों डालो नहीं तो मत डालो." चारही पडले. रबराचे तुकडेही निघाले. तेव्हापासून दादा प्रत्येक स्पीडब्रेकर तिरकी गाडी घालून मुंगीच्या चालीनं ओलांडायचा आणि मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या द्यायचे. थोड्याच दिवसांनी वहिनीचा फोन आला. न्हावऱ्याच्या पुढं एकदम मेंढरं आडवी आली होती. "ताई, जागच्या जागी थांबली वो गाडी. माझ्या मांडीवरचा डबा बी न्हाई सांडला." मागून दादा ओरडत होता, "तिला सांग, नाक खाली न्हाई घातलं म्हणावं!" त्या दिवशी मी नीट जेवले. नंतर तो त्याच गाडीतून कितीदा तरी दौंडला आला, वहिनीला शेजारी बसवून, आणि मी प्रत्येक वेळी फाटकात उभी राहून ती थांबताना कशी थांबते ते बघायचे. मग तो एका दुपारी जेवला, पंखा लावला आणि आपल्या अंथरुणात गेला. वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. एवढं साधं मरण मी त्याच्यासाठी मागितलं असतं तर लोक हसले असते.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. परवा मी शिरूरला गेले. गाडी अंगणात कापडाखाली उभी होती. वहिनी म्हणाली, "ताई, जरा डिकी बघा. वास मारतोय." उघडली तर आत गोणी! कांद्यांना बोटबोट मोड फुटलेले, एका कोपऱ्यात कुजायला लागलेले.

"अगं, शॉकअप बदलल्यावर ही कशाला?"

"वजनाला न्हाई वो," ती म्हणाली. "तुम्हाला द्यायची व्हती. त्या रविवारी तुमच्याकडं यायचं म्हणून, गेले त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी भरून ठेवली…"

मग आम्ही दोघी रडलो, पोटभर. आणि एक एक टोक धरून गोणी खाली उतरवली. गाडीची मागची बाजू दोन बोटं वर आली आणि थांबली. मी कोपऱ्यावर तळहात ठेवला. तिथला रंग दादाच्या हातानं फिका झालाय. सगळा भार टाकला, हात काढला. एकदा वर आली, बसली. रोज चालवणारा गेला होता आणि लई दिवसांनी आलेली मीच होते. विचारायला कोणी नव्हतं, म्हणून आपणहून मोठ्यानं सांगितलं, "धड हायेत, दादा."