सासऱ्यांचा खोटा श्वास

आमचे सासरे एकतीस वर्षं पोहायला शिकवत होते. अर्ध्या गावाची पोरं त्यांनी मानगूट धरून पाण्यात ढकलली असतील. घरातही सगळं शिट्टीवर चालायचं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "सूनबाई, खांदे सरळ." तेव्हापासून आमचं वाजायचं, आणि खरं सांगू, दोघांनाही त्यात मजा यायची.

त्यांच्या फुप्फुसात गाठ निघाली आणि ते माझ्याच हाताखाली आले. मी रुग्णालयात स्कॅनच्या आणि किरणांच्या यंत्रावर काम करते. आमच्या विभागात माणसं दोनच, त्यामुळे नातं आहे म्हणून बाजूला होण्याची चैन नाही. छातीतली गाठ श्वासाबरोबर खालीवर होते. म्हणून पोटावर छोटी डबी ठेवायची. कॅमेरा डबी बघतो, पडद्यावर श्वासाची रेघ उमटते आणि गाठ किती सरकते ते कळतं. त्या मापावर पुढे तीस दिवस किरण द्यायचे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गाठ एक सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर रोज पोटावर फळी आवळून श्वास दाबावा लागेल.

पाण्याखाली दोन मिनिटं आरामात राहणारा माणूस, पण बांधायचं म्हटलं की हातपाय गार. "मला बांधायचं नाही," एवढंच म्हणाले.

स्कॅनच्या दिवशी रेघ अशी आली की डॉक्टर काचेशी येऊन बघत राहिले. एकसारखी, बारीक, शहाण्या मुलीच्या अक्षरासारखी. गाठ जेमतेम सहा मिलिमीटर हलत होती. "वा, आजोबा," डॉक्टर म्हणाले. घरी माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याच्या भिंतीपलीकडे त्यांची खाट आहे. दुपारी झोपले की दोन आखूड श्वास, मग थांबणं, मग भलामोठा उसासा. आठ वर्षं ऐकतेय. हा श्वास त्यांचा नव्हताच. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

घरी आल्यावर विचारलं, "बाबा, नाटक केलंत ना?"

"नाटक कसलं? शिस्त म्हणतात त्याला."

"तीस दिवस जमेल? नाही जमलं तर किरण भलतीकडे जातील आणि गाठ तशीच राहील."

ते म्हणाले, "तू कुणाला सांगणार नाहीस." हुकूमच होता, पण आवाज पार खाली गेला होता. मला त्यांचा रागही आला आणि गलबलूनही आलं. सांगावं तर फळीखाली मीच घालणार, न सांगावं तर गाठ त्यांना घेऊन जाणार. दोन दिवस मी स्वतःच्या घरात चोरासारखी वावरले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगून टाकलं.

दुसरा स्कॅन त्यांना टेबलावर डुलकी लागेपर्यंत थांबून केला. गाठ दोन सेंटिमीटर हलत होती. डॉक्टर मला चांगलंच बोलले, आणि ते बरोबरच होतं. सासऱ्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

किरणांच्या पहिल्या दिवशी फळी मी लावली. स्क्रू पिळत विचारलं, "लागतंय का?" ते छताकडे बघत राहिले. जाड दार लावून मी बाहेर आले. फळी लावली की रेघ ठरलेल्या पट्ट्यात असली तरच यंत्र चालतं, बाहेर गेली की आपोआप थांबतं. ते चाललं, थांबलं. पुन्हा चाललं, थांबलं. कॅमेऱ्यात बघितलं तर सासरे रडत होते. हात डोक्यामागे अडकवलेले, डोळे पुसायचीही सोय नव्हती.

स्पीकरवर तुटक आवाज आला, "सूनबाई, सोडव गं मला."

दाराचं बटण माझ्या हाताशीच होतं. मी माइकचं दाबलं.

"बाबा, रडू नका. रडाल तितका वेळ आत राहावं लागेल."

हुंदके थांबायला चार मिनिटं लागली. मग रेघ पट्ट्यात आली आणि यंत्र सुरू झालं. अजून एकोणतीस दिवस बाकी होते.