खुर्चीच्या पोटातला पायजमा

माझ्या भावजयीला आम्ही घरात 'खिळा' म्हणतो. तोंडावरच म्हणतो, पाठीमागे म्हणायची हिंमत नाही. एक तर ती खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या नव्यानं चढवते आणि दिवसभर ओठांत बारके खिळे धरून बोलते. शिवाय एखादी गोष्ट तिच्या मनात ठोकली गेली की पक्कड लावूनही निघत नाही. तिच्या लग्नात मी नुसतं म्हटलं होतं, नवरीचं नाक जरा चढेल दिसतंय. तेव्हापासून माझ्या चहात साखर कमी पडते ती पडतेच.

तर अशा बाईच्या वाटेला गावातला फर्निचरचा शोरूमवाला गेला.

त्यानं तिच्याकडून एक जुनी मोडकी खुर्ची सजवून घेतली. म्हणाला, "वहिनी, खाली तुमच्या नावाची पट्टी लावतो." हिनं जीव ओतला. नव्या स्प्रिंगा, काथ्या, कापूस, वर हिरवी मखमल. आणि मग कारागीर संघाच्या वेबसाइटवर स्पर्धेत तीच खुर्ची झळकली, खाली लिहिलेलं, 'आमच्या कारखान्यात घडवलेली'. त्याच्या कारखान्यात एक टेबल आहे आणि एक पंखा. पंखा बंद असतो.

"वन्सं," खिळा मला म्हणाली, "या माणसाला मी सुखानं बसू देणार नाही."

"कुठं?"

"कुठंच."

पुरावा तिच्याकडे होता. कापूस सरकू नये म्हणून ती गादीत एक जुनं, धुऊन मऊ झालेलं कापड घालते. त्या खुर्चीत माझ्या भावाचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा गेला होता, नाडीसकट. गादी शिवून बंद करायच्या आधी तिनं मोबाइलवर फोटोही काढला होता. आता तो संघाच्या पानावर हरकत म्हणून चढवायचा, एवढंच. मुदत त्याच संध्याकाळची. चुकली तर खुर्ची कायमची त्याच्या नावावर.

भावानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि चढवला. साइट म्हणाली, या प्रकारची फाइल चालत नाही. मोबाइलच्या फोटोंच्या नावाला शेवटी एचईआयसी, साइटला हवं जेपीजी.

"त्यात काय," भाऊ म्हणाला, "नावापुढे टिंब देऊन जेपीजी लिहायचं." लिहिलं. साइट पुन्हा नाही म्हणाली. बराच वेळ खुडबुड केल्यावर कळलं, कॉम्प्युटर नावाचं शेपूट लपवून ठेवतो. यानं जेपीजी लिहिलं खरं, पण जुनं एचईआयसी त्याच्यामागे लपून बसलेलंच. मग सेटिंगमध्ये जाऊन शेपूट दिसेल असं केलं, ते छाटलं, आणि फोटो चढला.

चढला म्हणजे काय, एक करडा चौकोन आला, मध्ये फाटक्या चित्राची खूण. पायजमा नाही, खुर्ची नाही, काही नाही.

शोरूमवाला टपूनच बसला होता. लगेच खाली लिहिलंन, 'वा वहिनी, काम इतकं बारीक की दिसतच नाही.' पुढे हसरे चेहरे, रांगेनं.

खिळ्यानं ओठांतले खिळे काढून वाटीत ठेवले. हे लक्षण मला ठाऊक आहे. मी माझी खुर्ची जरा मागं सरकवली.

"अहो," ती भावाला म्हणाली, "तुम्ही नुसतं वरचं कापड बदललंत. आत भुसा जुनाच आहे ना."

"मग काय करू?"

"उसवा आणि पुन्हा भरा."

म्हणजे काय, ते दोघांनी भांडत भांडत शोधलं. मूळ फोटो उघडायचा, 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये जायचं, यादीतून जेपीजी निवडायचं आणि नवीन फाइल करायची. यावेळी चढवला तर पायजमा लख्ख आला. खाली हिनं लिहिलं, 'खुर्ची उलटी करा, तळ सोडवा. आमच्या ह्यांची नाडी निळी आहे.'

दुसऱ्या दिवशी संघाचे परीक्षक स्क्रूड्रायव्हर घेऊन शोरूममध्ये गेले. मीही गेले, पडदे बघायला. आधी पट्टे दिसले, मग एक पाय बाहेर आला, मग निळी नाडी. शोरूमवाला छताकडे बघत होता. तिथंही पंखा बंदच होता. संध्याकाळी वेबसाइटवर खुर्चीखाली खिळ्याचं नाव लागलं, आणि त्याचा करड्या चौकोनावरचा विनोदही तिनं काढू दिला नाही. "राहू दे, लोक वाचतात."

भाऊ तेवढा कुरकुरला. "अख्ख्या गावानं माझा पायजमा पाहिला."

"तुम्ही आत नव्हतात, नशीब समजा," ती म्हणाली.

आठवड्याभरात शोरूमवाला घरी आला. कामं अडली होती. "झालं गेलं विसरा, वहिनी."

"विसरले की. बसा ना." आणि तिनं पुढे केली ती स्प्रिंग वर आलेली खुर्ची, जी दुरुस्त करायला तिला हल्ली वेळच मिळत नव्हता. तो बसला, दचकला, सावरून पुन्हा बसला. ती सावकाश चहा करायला गेली. कामाला ती हो म्हणालीच नाही, पण चौकशी मात्र त्याच्या चुलतआजीपर्यंत केली.

त्या दिवशी माझा चहा चक्क गोड होता. मला भरून आलं. म्हटलं, सुटलो आपण.

तो गेल्यावर खिळा कप उचलत म्हणाली, "कप बदलले वाटतं, वन्सं. गोड त्यांच्यासाठी होता, जास्त वेळ बसावेत म्हणून."