साहेबांचे तंबाखूचे हात

"त्यात काय एवढं?" असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं सणकतं.

तेव्हा मी दिल्लीच्या कडेला एका सरकारी रोपवाटिकेत टोमॅटोचं पॉलिहाऊस सांभाळत होते. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून निघायचं, दोन बस बदलायच्या. पॉलिहाऊसच्या दारातच साबण, पाण्याची बादली आणि दुधाचं भांडं ठेवलेलं असे. विडी-तंबाखूतून टोमॅटोला विषाणूचा रोग लागतो, आणि एका झाडाला लागला की माणसाच्या हातांनीच पुढच्या झाडाला जातो. म्हणून साबणाने हात धुवायचे, मग दुधात बुडवायचे. दुधाने विषाणूचा जोर कमी होतो. "अब टमाटर भी दूध पिएगा!" म्हणून सगळं ऑफिस हसायचं. हसा म्हटलं.

माळी मात्र हसला नाही. तो विड्या ओढायचा. पहिल्याच आठवड्यात मी त्याला दारातून तीनदा परत पाठवलं, वाट्टेल ते बोलले. चौथ्यांदा आला तो म्हणाला, "बहनजी, छोड़ दी." आणि खरंच सोडली हो! तीन वर्षं विडीला शिवला नाही. टोमॅटोसाठी कोण करतं एवढं?

मग एक दिवस मुख्यालयातून मोठे साहेब पाहणीला आले. आमचे अधिकारी त्यांच्या पुढेपुढे करत होते. माझं आडनाव ऐकून साहेब खूश. "अरे वा, आपल्याकडच्या! कुठल्या तुम्ही?"

"साताऱ्याची."

"मग घरच्याच की!"

दिल्लीत ऑफिसमध्ये मराठी कानावर पडली आणि मी बावळट विरघळले. बोलता बोलता त्यांनी तळहातावर तंबाखू-चुना मळला, चिमूट दाढेखाली ठेवली, हात झटकले आणि सरळ आत! माळी साबण घेऊन पुढे झाला, तर अधिकाऱ्यांनी त्याला डोळ्यांनीच बाजूला केलं. आणि मी? मी साहेबांना चहाचं विचारत होते. ते एकेक शेंडा कुरवाळत "झकास, झकास" म्हणत फिरले.

दोन-तीन आठवड्यांत पानांवर पिवळे-हिरवे चट्टे उठले, नवी पानं आकसली. माळ्याने आणि मी सगळी झाडं मुळासकट उपटून जाळली.

चौकशीचा कागद आला. रोगाचं कारण काय, तर माळ्याची विडी! त्याला कामावरून कमी करावं, असा खाली शेरा. माझा नुसता तिळपापड झाला. कागद अधिकाऱ्यांच्या टेबलावर आपटला, सही केली नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सगळं लिहून दिलं. ते कुठल्या फायलीत गाडलं गेलं, देव जाणे. माळ्याला काढलंच.

जायच्या दिवशी तो भांडला नाही, रडला नाही. एवढंच विचारलं, "बहनजी, मुझे तो तीन बार लौटाया था. उस दिन चुप क्यों रहीं?"

साहेब आमच्याकडचे होते, हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगणार होते?