पट्टीखालची ओळ

“आधी ओळ धर. मग तोंड उघड.”

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई हे म्हणाल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. मुंबईहून येणाऱ्या इंग्रजी पेपरची घडी घालत घालत त्या त्याची पोथीएवढी चवड करायच्या, शेअर बाजाराचं पान वर आणायच्या आणि पर्समधून निम्मी बाहेर डोकावणारी लाकडी फूटपट्टी उपसून एका ओळीखाली लावायच्या. मग ती चवड सातवीतल्या एखाद्या पोराच्या नाकाखाली जायची.

तुम्ही ते पान कधी पाहिलं असेल, तर त्यात वाचण्यासारखं काय आहे असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. मला तर पडलाच होता. मी मराठीचा मास्तर. मुंगीएवढ्या आकड्यांनी वरपासून खालपर्यंत भरलेलं ते पान म्हणजे माझ्या मते भेळेच्या कामाचं. तसं मी बोलूनही दाखवलं होतं. बाई म्हणाल्या, “सर, तुमच्या कवितेत कवी काय सांगतो ते तुम्ही सांगता. इथं कुणी सांगत नाही. आपलं आपण वाचायचं.” स्टाफरूममध्ये हशा झाला आणि मी चहात बिस्किट बुडवत राहिलो.

बाई गडहिंग्लजकडच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या. वर्गात मुलींना ‘तंगी’ आणि मुलांना ‘तम्मा’ म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण आणि धाकटा भाऊ. शिवाजी पेठेतली पोरं ती. फुटबॉलची मॅच असली की अर्धा वर्ग गायब व्हायचा, पण बाईंच्या तासाची शेवटची दहा मिनिटं कुणी चुकवायचं नाही. पानावर कंपन्यांची नावं तोडून छापलेली असत, चारदोन इंग्रजी अक्षरं नुसती. पहिल्या दिवशी पोरं गांगरली. बाईंनी एकाला उभं केलं.

“तम्मा, हजेरीत तुझं नाव काय?”

“दत्तात्रय.”

“आणि गल्लीत?”

“दत्त्या.”

“मग कंपनीलाही गल्लीतलं नाव असतंय. ओळखायचं.”

झालं. पोरांना ते कायमचं कळलं. प्रत्येकानं एकेक कंपनी निवडली आणि पाळी येईल तशी तिची ओळ मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कंसात आदल्या दिवशीचा भाव, मग बाजार उघडतानाचा, मग दिवसातला सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा, आणि शेवटी बंद होतानाचा. फळ्यावर पाच आकडे मांडायचे आणि दिवसभरात काय घडलं असेल ते सांगायचं. अपूर्णांक आणि टक्केवारीला घाबरणारी पोरं तिथं दशांश चिन्हासाठी भांडायची. मात्र बाईंचा एक दंडक होता आणि तो पोरांकडून रोज वदवून घेतला जाई : “वाचायचं. घ्यायचं नाही.”

तरी व्हायचं ते झालं. फळ्यावरचे आकडे खिडकीतून बघून एका पालकानं हेडसरांचं ऑफिस गाठलं. “सर, पोरास्नी मटका शिकिवताय व्हय?” हेडसर भित्रे गृहस्थ. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की आणखी एक जरी पालक आला तरी हा प्रकार बंद, आणि संस्थेला काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. बाई परत आल्या, पेपरची घडी घातली आणि वर्गावर गेल्या. 

याच वर्गात रूपाली होती. तिचे वडील उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. पंपांचे शाफ्ट फिरवायचे ते, आणि ते शाफ्ट ज्या पंपाच्या कंपनीला जायचे तीच कंपनी रूपालीनं निवडली होती. बापाच्या हातचा माल म्हणून पोरगी त्या ओळीवर फार जीव टाकायची. तिची पाळी आली की वेणी मागं टाकून, पट्टी घट्ट दाबून, शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हणावं तसं ती वाचायची.

एका शुक्रवारी बाईंच्या वर्गात काही सामान पोचवायला मी गेलो होतो, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. रूपाली वाचत होती. “कंसात एक्क्याऐंशी. उघडला ऐंशी. वर ब्याऐंशी. खाली सत्त्याहत्तर. बंद ब्याण्णव.”

बाईंचा खडू थांबला.

“परत वाच, तंगी. ओळ धर.”

तिनं परत तेच वाचलं, फक्त आवाज बारीक झाला.

“दिवसभर जो भाव ब्याऐंशीच्या वर चढलाच नाही, तो बंद होताना ब्याण्णव कसा झाला?”

वर्ग हसला. रूपाली हसली नाही, बसलीही नाही. तिची बोटं पट्टीवर पांढरी पडली होती. बाईंनी तिच्या हातातून पेपर घेतला, ओळ पाहिली, आणि दुसऱ्या मुलाला उभं केलं. त्या दिवशी खरा बंद भाव सत्त्याहत्तर होता. पाच आकड्यांतला शेवटचा एकच तिनं बदलला होता.

घंटेनंतर बाईंनी तिला थांबवून घेतलं. पोरगी आधी दगडासारखी उभी राहिली आणि मग एकदम फुटली. वडिलांनी त्या कंपनीचे शेअर घेतले होते, नव्वदच्या भावानं. स्वतःचा एक जुना लेथ घ्यायचा म्हणून जमवलेले सगळे पैसे त्यात गेले होते. इंग्रजी पेपर त्यांना वाचता येत नव्हता. रोज रात्री जेवताना ते एकच विचारायचे, “बंद कितीला?” भाव उतरला त्या पहिल्या दिवशी तिनं खरं सांगितलं, तर ते ताटावरून उठले. दुसऱ्या दिवसापासून तिनं भाव चढवायला सुरुवात केली. गल्लीतली दोन पोरं याच वर्गात होती, ती घरी जाऊन बोलतील म्हणून आज पाळी आली तेव्हा वर्गातही तिनं तेच वाचलं. आणि आता भाव चढतोय म्हणून वडील खुशीत होते. दुसऱ्या दिवशी शनिवारी भिशी उचलणार होते आणि तीही त्याच शेअरमध्ये घालणार होते.

“मग आज संध्याकाळी जायला हवं,” बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, “बाई, जाऊ नका. तो माणूस थेट हेडसरांकडं जाईल. तुम्हीच आपल्या हातानं दुसरा पालक आणून देताय.”

“पोरीनं ओळ सोडली ती माझ्या वर्गात, सर. तुम्ही येताय का नुसतं सांगताय?”

मी गेलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि ती बाईंपेक्षा त्या पोरीसाठी जास्त.

दोन खोल्यांचं घर. रूपालीचे वडील नुकतेच कामावरून आले होते, हाताला तेलाचा वास होता. “या की बाई, या की सर. अगं, च्या टाक. काय केलं हिनं?”

बाई चहाला नको म्हणाल्या. पेपर काढला, घडी घातली, पट्टी लावली आणि रूपालीपुढं धरली. “वाच.”

रूपालीनं बापाकडं पाहिलं. मग आईकडं. चुलीजवळ भांडं वाजायचं थांबलं.

“आधी ओळ धर,” बाई हळू म्हणाल्या. इतक्या हळू त्यांना मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

पोरीनं वाचलं. पाचही आकडे वाचले आणि शेवटी म्हणाली, “बंद सत्त्याहत्तर. बाबा, रोज उतरतोय.”

“काय बोलतीस? परवा तर एक्क्याण्णव होता!”

“मी खोटं सांगत होते.”

त्यांच्या डोक्यात ते शिरेनाच. “आवं बाई, चुकलं आसंल छापताना. शाफ्ट मी फिरवतोय. माल ढिगानं जातोय की! एक नग परत आलेला न्हाय. मग भाव उतरंलच कसा?” ते माझ्याकडं वळले. “सांगा की सर, तुम्ही शिकलेली माणसं.” माल चांगला तर भाव चांगला, असंच मलाही वाटत होतं.

बाईंनी मागच्या दोन आठवड्यांचे पेपर पिशवीतून काढले आणि त्यांच्यापुढं एकेक करून पट्टी लावली. आकडे ओळखण्याइतकं इंग्रजी त्यांना येत होतं. ते बघत गेले. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला आणि मग ते उठले.

“खोटं बोललीस व्हय गं मला? रोज, ताटावर बसून?” ते रूपालीकडं गेले नाहीत, बाईंकडं वळले. “तुम्हीच शिकिवलंसा ह्ये. हिनं वाचलं नसतं तर माझ्या डोस्क्यात शेअर आलं असतं कशाला? उद्यापासनं शाळा न्हाय. बास झालं वाचाय शिकून.”

मला वाटलं, बाई आता कायदा सांगतील, नाही तर रडतील. त्या म्हणाल्या, “कागद आणा.”

“कसले?”

“शेअरचे. नव्वदला घेतलेत ना? नव्वदला मी घेते.”

“तुम्हीच म्हणत हुता न्हवं, वाचायचं, घ्यायचं न्हाय?”

“म्हणत होते. आज घेते. तुम्ही लेथ घ्या. आणि सोमवारी पोरगी पहिल्या बाकावर दिसली पाहिजे, एवढंच.”

सहीला हात उचलेना त्यांचा. शेवटी त्यांच्या बायकोनं पेन पुढं केलं.

बाईंचे ते पैसे कुठले होते हे मला माहीत होतं. रंकाळ्याच्या पलीकडून दोन बस बदलून त्या शाळेत यायच्या, आणि स्कूटी घ्यायची तर निळी की मरून यावर स्टाफरूममध्ये वर्षभर चर्चा चालली होती. त्या सोमवारपासून कुणी रंग विचारला की त्या म्हणायच्या, “बसमध्ये झोप छान लागते, सर.” हेडसरांकडं कुणीही तक्रार घेऊन गेलं नाही.

रूपालीच्या वडिलांचा लेथ आला, चालला, पुढं दुसराही आला. दरवर्षी दिवाळीला ते फराळाचा डबा घेऊन बाईंकडं जायचे आणि म्हणायचे, “बाई, तुमचं पैसं घ्या आन् माझं कागद मला परत द्या. त्येवढं वझं उतरू दे की.” बाईंचं उत्तर ठरलेलं : “भाव तुमच्या नव्वदला आला की देईन. तोट्यात सौदा मी करत नाही.” आणि भाव काही येत नव्हता. तो तीसवर आला, मग बारावर, मग रुपयांत मोजायचीही लाज वाटावी असा झाला.

निवृत्तीनंतर साखरेच्या आजारानं बाईंचे डोळे गेले. कंपनीला टाळं लागलं आणि पानावरून तिचं नाव गेलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. त्यांना हे सांगायचं कुणी? कुणीच सांगितलं नाही. तोवर रूपाली वडिलांच्या वर्कशॉपचे हिशेब बघू लागली होती. ती रविवारी बाईंना पेपर वाचून दाखवायला जायची.

अशाच एका रविवारी मी गेलो होतो. बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या. रूपाली शेजारी. वडील दाराशी चपला काढून उभे होते, आत येत नव्हते.

“पंपाची ओळ वाच,” बाई म्हणाल्या.

रूपालीनं पेपरची घडी घातली आणि बाईंचीच लाकडी पट्टी त्यावर ठेवली. मला तिच्या हातातलं पान दिसत होतं. गावातलाच मराठी पेपर होता तो, आणि पट्टीच्या वर आदल्या दिवशीच्या फुटबॉल मॅचची बातमी होती.

“कंसात एकोणनव्वद,” ती वाचू लागली. आवाज अगदी सातवीतला. “उघडला एकोणनव्वद. वर ब्याण्णव. खाली अठ्ठ्याऐंशी. बंद नव्वद.”

बाईंनी हात पुढं केला, चाचपत पट्टी शोधली, तिच्या कडेवरून बोट फिरवलं.

“बंद भाव वरच्याच्या खाली ठेवलास या वेळी,” त्या म्हणाल्या. “शिकलीस, तंगी.”

रूपालीचा चेहरा पडला. बाईंना ते दिसलं नाही, पण त्यांनी तिचा हात धरला आणि दाराकडं तोंड केलं.

“या आत. आला तुमचा भाव. कपाटात वरच्या खणात कागद आहेत, घेऊन जा.”

ते आत आले. खिशातलं पैशांचं पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी बाईंच्या ओंजळीत ठेवलं आणि बाईंनी ते न मोजता उशीखाली सारलं. मग रूपालीच्या वडिलांनी कपाटातून ते कागद काढले, कपाळाला लावले आणि शर्टाच्या आत ठेवले.

पुढच्या रविवारी बाई नव्हत्या; पेपर वाचायला कुणी जायची गरज राहिली नव्हती.