पिवळी चिठ्ठी आणि खिडकी

तालुक्याच्या प्रशिक्षणात आम्हाला एक खेळ शिकवला होता. वर्गात दोन रंगांच्या चिठ्ठ्या वाटायच्या. पिवळी आली तो 'मोठा', निळी आली तो 'लहान'. मोठ्यांनी लहानांना कमी लेखायचं, मग अदलाबदल करायची, आणि शेवटी मुलं आपोआप म्हणणार की भेदभाव वाईट. शिकवणाऱ्या साहेबांनी 'आपोआप' हा शब्द इतक्यांदा उच्चारला की मला तेव्हाच राग आला होता. वर्गात आपोआप फक्त गोंधळ होतो.

तरी मी तो खेळ घेतला, एका मुलीसाठी. माझी शाळा आरमोरीकडच्या खेड्यात. तिथं तलावावर मासे धरणारी ढिवरांची घरं आहेत, त्यातल्या एका घरची ही पाचवीतली पोरगी. सकाळी आईबरोबर जाळ्यातले झिंगे, म्हणजे तळ्यातली बारकी कोळंबी, निवडायची आणि तशीच शाळेत यायची. खिडकीजवळ एकटी बसायची. दिवाळीनंतर तिच्या दांड्या वाढल्या. आठवडी बाजारात तिच्या आईनं माझ्या पिशवीत झिंगे टाकता टाकता विषय काढला. "शाळेत नाई जात म्हणते बाई. काऊन, त सांगत नाई. अशीच राह्यली त बापासंग तलावावरच जाईन, मंग कायची शाळा? तुमीच पाहा आता."

मला वाटलं, पोरंच तिला छळत असणार. कोण छळतं ते या खेळात उघडं पडेल, असा माझा डाव होता.

डाव पार फसला. पिवळ्या चिठ्ठीवाल्यांनी सतरंजीवर मांडी ठोकून चहा मागवला. निळ्या चिठ्ठीवाल्यांनी वरपक्षासारखी त्यांची सरबराई केली. "घ्या पावणे, अजून घ्या" म्हणत सगळे खिदळत होते. कुणी कुणाला कमी लेखेना. "अरे, वाईट वागा जरा!" मी ओरडले. असं पोरांना बजावणारी मी बहुधा जिल्ह्यातली पहिलीच बाई असेन. त्यात उन्हाळा, पंखा बंद, चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून खिडकीही लावलेली. माझं डोकं तापलं.

ती मुलगी पिवळी चिठ्ठी घेऊन भिंतीशी उभी होती. "तू मोठी आहेस ना? मग कर काहीतरी!" मी तिच्यावरच खेकसले.

ती दाराबाहेर गेली आणि परत आत आली. ताठ चालत थेट स्वतःच्याच जागेपाशी गेली. खिडकीची कडी काढली, दोन्ही दारं सताड उघडली आणि ओढणीचं टोक पदरासारखं नाकाशी धरलं. मग खडू उचलला.

वर्ग हसून हसून लोळायला लागला. "बाईची नक्कल! बाईची नक्कल!"

मीही हसले. मग विचारलं, "पण खिडकी काऊन उघडली गं?"

"मी आली त तुमी उघडता ना, बाई," ती म्हणाली. "नाई आली त नाई उघडत." आठवड्याचे वार सांगावेत तसं तिनं सांगितलं.

मला आठवेना. खरंच आठवेना, आणि म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. मी? हिच्या आईकडचे झिंगे बोटं चाटत खाणारी मी? पण पोरांना सगळं पाठ होतं. एकानं पदर किती बोटांनी धरायचा तेही करून दाखवलं. "थंडीत बी उघडता, बाई," दुसरी म्हणाली, "आमी कुडकुडतो."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझं चुकलं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाटक संपलं की टाळ्या वाजवायच्या, हे मीच शिकवलं होतं. तालुक्याला पाठवायच्या अहवालात 'उद्दिष्ट साध्य झाले' असं आधीच छापलेलं होतं. मी तिरमिरीत सही ठोकली.

तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. घंटा होताच दप्तर उचलून निघून गेली. उद्या काही ही येत नाही, असं मनाशी धरूनच मी घरी जायला ब्रह्मपुरीची जीप पकडली. रस्ताभर स्वतःवर चरफडत होते.

दुसऱ्या दिवशी ती आली, सगळ्यांच्या आधी. वेणीतून पाणी गळत होतं, हात कोपरापर्यंत घासून लाल झालेले. खिडकी तिनंच लावून घेतली होती. मला दारात बघताच म्हणाली, "आज नाई उघडा लागत, बाई. दोनदा साबण लावली."

"तुझ्यात काही वाईट नाही गं," मी म्हणाले. फळ्यावरच्या सुविचारासारखं पोकळ वाटलं ते मलाच. तिनं मान डोलावली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. दहा मिनिटांत वर्ग घामानं निथळला. "बाई, खिडकी उघडा ना, गरमी होऊन राह्यली!" पोरं ओरडायला लागली. मी उठले. ती माझ्या हाताकडे बघत होती. मी परत खुर्चीवर बसले आणि सगळ्यांना वह्यांनी वारा घ्यायला सांगितलं.