बापूदाच्या उतरलेल्या तारा

कम्युनिटीवरच्या गल्लीकरांनो, आज दुपारी बापूदाला गाठलं. आपल्या कॉलेजच्या वेळी मिरवणुकीत गणपतीपुढं बेंजो वाजवायचा, तोच. यंदा डॉल्बी नको, परत बेंजोच लावूया म्हणून त्याला सुपारी द्यायला शाहूपुरीत गेलतो.

आठवतंय न्हवं? एक तार जरा उतरली की हा गडी भर चौकात मिरवणूक थांबवायचा. मागची मंडळं शिव्या घालायची, पण तार जुळल्याशिवाय गणपती हलायचा न्हाय.

आता त्याचाच डॉल्बी भाड्यानं द्यायचा धंदा हाय. "बापूदा, बरा हाईस न्हवं?" तीनदा विचारलं. नुसता हसला. शेवटी त्याची मुलगी म्हणाली, "काका, मोठ्यानं बोला. त्या डॉल्बीच्या भिंतींपुढं उभं राहून आमच्या आण्णांचे कान गेलेत."

मी हवेतच बोटं नाचवून बेंजो दाखवला. गडी खुलला की! आतनं बेंजो आणला, धूळ पुसली आणि आपलं नेहमीचं नाचायचं गाणं धरलं. बोटं अजून तशीच पळतात. पण दोन तारा पार उतरलेल्या. आता थांबंल, मग थांबंल म्हणून मी वाट बघत बसलो. तो थांबलाच न्हाय.

"जमलं न्हवं रं?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली. मुलगी रस्त्याकडं तोंड करून उभी होती.

सुपारी न देताच घरी आलो. सांगा मित्रांनो, आता मिरवणूक कोण थांबवणार?